ग्लेन-कोपलंड यांचा ‘कीबोर्ड फँटसीज’ कसा घडला: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा अल्बम कुणालाही ऐकवला की थोड्याफार फरकानं तेच प्रश्न येतात. कुणाला तो कधीचा आहे ते हवं असतं, कुणाला त्या यंत्राबद्दल कुतूहल असतं, कुणी आठवड्याभरानं फोन करून ‘त्या माणसाचं पुढं काय झालं?’ असं विचारतं. म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवते आहे. ज्याला जे हवं ते वाचावं, सगळं क्रमानं वाचायलाच हवं असं नाही.

हा अल्बम कोणता आणि कुणाचा?

‘कीबोर्ड फँटसीज’. १९८६ साली कॅनडात निघाला. गीतं, चाली, वादन, गायन सगळं बेव्हर्ली ग्लेन-कोपलंड यांचं. सहा रचना, एक सिंथेसायझर, एक ड्रम मशीन आणि एक आवाज, एवढ्यावर अख्खा अल्बम उभा आहे. तो कुठल्याही मोठ्या कंपनीनं काढला नाही. ग्लेन-कोपलंड यांनी स्वतःच त्याच्या २०० कॅसेट काढल्या.

जुन्या लेखांत ‘त्या’ असा उल्लेख दिसतो. तुम्ही ‘ते’ का लिहिता?

कारण ते ट्रान्स पुरुष आहेत आणि २००२ पासून ते हे उघडपणे सांगत आले आहेत. अल्बम निघाला तेव्हा जग त्यांना स्त्री समजत होतं, त्यामुळे त्या काळच्या नोंदी तशा आहेत. बेव्हर्ली हे नाव त्यांनी सोडलं नाही. जवळची माणसं त्यांना ग्लेन म्हणतात.

ही गाणी सुचण्याआधी त्यांनी काय काय केलं होतं?

बरंच काही, आणि त्यातलं जवळजवळ सगळं या अल्बममध्ये उतरलं आहे. म्हणून या उत्तराला जरा वेळ देते.

जन्म १९४४ चा, अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचा. घर क्वेकर या ख्रिस्ती पंथाचं. वडील रोज तासन्‌तास पियानोवर बाख, मोझार्ट, शोपँ वाजवत. आई स्पिरिच्युअल्स गायची. स्पिरिच्युअल्स म्हणजे गुलामगिरीत जगणाऱ्या कृष्णवर्णीय लोकांनी रचलेली भक्तिगीतं. या गीतांत सोसणं आणि सुटकेची आस एकाच ओळीत नांदतात. ती गाणारा आपलं दुःख लपवत नाही आणि त्यात बुडूनही जात नाही. ‘कीबोर्ड फँटसीज’ ऐकताना मला आईचं हे गाणं सतत जाणवतं, जरी अल्बममध्ये एकही स्पिरिच्युअल नसलं तरी.

१९६१ साली, सतराव्या वर्षी, ते माँट्रियलच्या मॅक्गिल विद्यापीठात गायन शिकायला गेले. तिथल्या संगीत विभागातल्या पहिल्या काही कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांपैकी ते एक. अभ्यास पाश्चात्त्य अभिजात गायनाचा, विशेषतः ‘लीडर’ या जर्मन गीतप्रकाराचा. त्यात एक कविता, एक पियानो आणि एक आवाज असतो आणि शब्दाच्या अर्थाप्रमाणे प्रत्येक स्वराचं वजन ठरतं. गाण्यात किती कमी ठेवलं तरी चालतं, याचं इतकं कडक शिक्षण दुसरीकडे क्वचितच मिळत असेल.

पण ते दिवस सोपे नव्हते. त्यांचं एका तरुणीशी प्रेमाचं नातं होतं आणि ते त्यांनी लपवलं नाही. कॅनडात समलिंगी संबंध गुन्ह्याच्या यादीतून निघाले ते १९६९ साली, म्हणजे त्यानंतर कितीतरी वर्षांनी. भोवतालचा दबाव इतका वाढला की पदवी हाताशी आलेली असताना ते विद्यापीठातून बाहेर पडले. अभिजात गायनाच्या मंचावर पुढे काही काळ गायले, मग हळूहळू स्वतःची गाणी लिहू लागले.

म्हणजे हा त्यांचा पहिला अल्बम नाही?

नाही. १९७० आणि १९७१ मध्ये त्यांच्या दोन रेकॉर्ड निघाल्या होत्या. त्यात लोकगीताची मांडणी, जॅझचे नामांकित वादक (गिटारवर लेनी ब्रो यांच्यासारखा माणूस) आणि वर अभिजात तालमीतून आलेला आवाज असा मेळ होता. गाणी उत्तम होती, पण दुकानात ती कोणत्या कप्प्यात ठेवायची हे कुणालाच कळलं नाही. लोकगीतवाल्यांना ती जॅझ वाटली आणि जॅझवाल्यांना लोकगीत. खप बेताचा झाला.

१९८० मध्ये आणखी एक छोटी रेकॉर्ड आली. तीही फारशी पोचली नाही.

मग पोट कशावर चाललं?

मुख्यतः लहान मुलांच्या कार्यक्रमांवर. कॅनडाच्या सरकारी दूरचित्रवाणीवर ‘मिस्टर ड्रेसअप’ हा मुलांचा कार्यक्रम कित्येक दशकं चालला. त्यात ग्लेन-कोपलंड सुमारे पंचवीस वर्षं गात आणि अभिनय करत होते. ‘सेसमी स्ट्रीट’साठीही त्यांनी गाणी लिहिली.

हा भाग लोक पोटापाण्याचं काम म्हणून बाजूला सारतात. मला ते मुळीच पटत नाही. मुलांसाठी लिहिताना पहिल्या ओळीत दार उघडावं लागतं. शब्द लहान हवेत, चाल एकदा ऐकून ओठांवर यायला हवी, आणि खोटेपणा मूल ताबडतोब ओळखतं. ‘कीबोर्ड फँटसीज’मधली वाक्यं पाहा. बहुतेक शब्द सात-आठ वर्षांच्या मुलाला कळतील असे आहेत. लीडरच्या तालमीतून आलेला आवाज आणि मुलांच्या गाण्याची भाषा एकत्र आली, म्हणून हा अल्बम इतका साधा आणि इतका भारदस्त आहे. दोन्हींपैकी एक जरी वजा केलं तरी तो झाला नसता.

अल्बम तयार झाला ते हंट्सव्हिल कुठे आहे?

टोरांटोच्या उत्तरेला साधारण २०० किलोमीटरवर, ऑन्टारियो प्रांतातल्या मस्कोका भागात. तळी, झाडी, शेजारी अल्गोंक्विन हे प्रचंड अरण्य. जॉर्जियन उपसागरावरून येणारा वारा ओलावा घेऊन येतो आणि तो सगळा या पट्ट्यात बर्फ होऊन पडतो. त्यामुळे हिवाळा लांब आणि पांढरा. बर्फ उपसल्याशिवाय दारातून बाहेर पडता येत नाही असे दिवसच्या दिवस जातात.

१९८० च्या दशकात ग्लेन-कोपलंड तिथे राहत होते. शहरातल्या संगीतकारांच्या वर्तुळापासून लांब, स्टुडिओ आणि साथीदार हाताशी नाहीत, पण ऐकायला शांतता भरपूर. अल्बममधल्या दुसऱ्या रचनेचं नावच ‘विंटर अ‍ॅस्ट्रल’ आहे. तिच्यात शब्द नाहीत. स्वर इतक्या अंतराअंतरानं येतात की मधल्या जागाही ऐकू येतात.

सगळं एका कीबोर्डवर केलं म्हणतात. तो कीबोर्ड कोणता?

यामाहा कंपनीचा डीएक्स७. १९८३ मध्ये बाजारात आला, किंमत साधारण २,००० डॉलर. स्वस्त नव्हता, पण त्याआधीच्या डिजिटल यंत्रांच्या मानानं सामान्य वादकाच्या आवाक्यात आला होता. त्यामुळे जगभर तो अफाट खपला.

त्याच्यासमोर बसलं की पहिल्यांदा जाणवतं ते हे की फिरवायला एकही गोल बटण नाही. गडद तपकिरी पट्टी, तिच्यावर हिरवट-निळसर रंगांची सपाट बटणं, दाबलं तरी बोटाला जेमतेम कळणारी. दोन सरकपट्ट्या. आणि दोन ओळींचा चिमुकला पडदा, एकेका ओळीत सोळा अक्षरं. आवाज बदलायचा तर त्या दोन ओळींतून वाट काढत एकेक आकडा बदलत जायचं. म्हणून बहुतेक वादक कारखान्यातून आलेले तयार आवाजच वाजवत राहिले. आत शिरण्यासाठी चिकाटी लागायची आणि पुष्कळ मोकळा वेळ. हंट्सव्हिलच्या हिवाळ्यात तो होता.

पण त्याचा आवाज इतका वेगळा कशामुळे?

आपल्या संगीताच्या भाषेत सांगायचं तर आंदोलनातून. एका स्वराला सावकाश आंदोलन दिलं की आपल्याला स्वर झुलताना ऐकू येतो. हे आंदोलन वाढवत वाढवत सेकंदाला शेकडो वेळांपर्यंत नेलं, जे गळ्याला शक्य नाही पण यंत्राला आहे, तर कानाला झोका ऐकू येणं बंद होतं आणि त्याजागी स्वराचा पोतच बदललेला जाणवतो. तोच स्वर घंटेसारखा, काचेसारखा, बासरीसारखा होतो. हा शोध जॉन चाउनिंग यांना १९६७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात लागला आणि पुढं यामाहानं त्याचे हक्क घेतले. डीएक्स७ मध्ये प्रत्येक स्वरासाठी सहा लहरी असतात. कोणती लहर कोणत्या लहरीला डोलवणार, याच्या ३२ ठरलेल्या जुळण्या आहेत. एका वेळी सोळा स्वर वाजू शकतात.

सोळा स्वर ही या गोष्टीतली कळीची बाब आहे. ज्या माणसानं आयुष्यभर डोक्यात वाद्यवृंद ऐकला, पण प्रत्यक्षात तो उभा करायला दुसऱ्यांचे पैसे, दुसऱ्यांचा वेळ आणि दुसऱ्यांची मर्जी लागायची, त्याच्या दहा बोटांखाली आता तो वाद्यवृंद आला. ग्लेन-कोपलंड यांनी मुलाखतींमधून हा आनंद वारंवार सांगितला आहे. तो आनंद अल्बमच्या नावातही आहे.

आणि ताल?

रोलँडचं टीआर-७०७ हे ड्रम मशीन. ‘लेट अस डान्स’मध्ये ते ठळक ऐकू येतं. ठेका साधा आहे, अगदी सरळ, पण त्यावर गळ्याचे थर चढत जातात तसा तो पायांपर्यंत पोचतो.

गाणी एका बैठकीत सुचली की हळूहळू?

सुचण्याबद्दल त्यांचं म्हणणं असं की गाणी आपण बनवत नाही, ती येतात. त्या स्रोताला ते ‘युनिव्हर्सल ब्रॉडकास्टिंग सिस्टिम’ म्हणतात. विश्वाचं एक आकाशवाणी केंद्र आहे, आपण फक्त रेडिओ चालू ठेवायचा. आपल्याकडच्या संतांनीही ‘बोलविता धनी वेगळाचि’ म्हटलंच आहे, त्यामुळे मराठी माणसाला ही भूमिका समजावून सांगावी लागत नाही.

पण रेडिओ चालू ठेवणं हे रोजचं काम आहे आणि ते त्यांनी फार निष्ठेनं केलं. १९७० च्या दशकापासून ते निचिरेन या जपानी परंपरेतले बौद्ध आहेत. या परंपरेत एका मंत्राचा रोज मोठ्यानं जप करतात, एका लयीत, पुष्कळ वेळ. ज्यानं कधी सामूहिक नामजप किंवा हरिपाठ केला असेल त्याला माहीत आहे की थोड्या वेळानं श्वास आपोआप लांब होतो आणि शब्द छातीतून येऊ लागतो. या अल्बममधला श्वास तसा आहे. ओळ संपायची घाई कुठेही नाही.

तेव्हा गाणं आलं असेल क्षणात, पण ते ज्या गळ्यात आणि ज्या बोटांत उतरलं ती चाळिशी ओलांडलेल्या माणसाची होती. लहानपणचा पियानो, आईची भजनं, मॅक्गिलची तालीम, जॅझवाल्यांची संगत, मुलांचे कार्यक्रम, जप आणि बर्फ. हळूहळू घडलं ते हे.

यातली गाणी उभारी देतात असं सगळे म्हणतात. नेमकी कशामुळे?

‘एव्हर न्यू’ घ्या. सुरुवातीला नुसता कीबोर्ड, स्वरांच्या लहान लहान आवर्तनांचा. शब्द लगेच येत नाहीत. मग आवाज येतो, आणि तो स्वागत करू लागतो. वसंताचं स्वागत, पावसाचं, कळीचं, हात धरून चालणाऱ्या लहान मुलाचं, म्हाताऱ्यांचं. सगळं काही सतत नवं होत असतं, एवढंच गाण्याचं म्हणणं. ना कुणाला उपदेश, ना ‘हिंमत हरू नकोस’ची घोषणा. मला हे भूपाळीच्या जातीचं वाटतं. कुणाला तरी जागं करायचं आहे, पण गदागदा हलवून नव्हे.

उभारीच्या गाण्यांची एक ठरलेली पद्धत आपण सगळ्यांनी ऐकलेली असते. पहिल्या कडव्यात अंधार, दुसऱ्यात निर्धार, मग ठेका वाढतो, कोरस येतो, शेवटची ओळ टिपेला. अशी गाणी मोर्चात, स्नेहसंमेलनात, मॅच जिंकल्यावर छान लागतात. पण ज्याला खरोखर उठवत नाही, रुग्णालयातून घरी आलेला आहे, ज्याच्या घरातलं माणूस गेलं आहे, त्याच्यावर तो टिपेचा सूर ओझं होऊन पडतो. ‘कीबोर्ड फँटसीज’ त्या माणसाच्या शेजारी बसतो. तुम्ही बरे व्हा मग मी गातो, अशी अट घालत नाही.

आणि शेवटचं ‘सनसेट व्हिलेज’. चाल अगदी संथ. जाऊ दे, सोडून दे, ठीक आहे, एवढाच भाव. इतक्या कमी शब्दांचं गाणं कोरडं पडण्याची भीती असते. पण इथं लीडरची तालीम कामी आली आहे. एकच शब्द पुन्हा येतो तेव्हा त्याचं वजन आधीपेक्षा वेगळं असतं, आवाज किंचित मागे सरतो, श्वास आधी ऐकू येतो आणि मग स्वर. हे ऐकताना मी दर वेळी हातातलं काम थांबवते.

‘स्लो डान्स’ आणि ‘ओल्ड मेलडी’बद्दल मला फार बोलता येत नाही. त्या आवडतात, मध्ये हव्यातच.

हे ‘न्यू एज’ किंवा स्पामध्ये लावतात तसलं संगीत नाही का?

साधनं सारखी आहेत, म्हणून पहिल्या मिनिटाला तसं वाटू शकतं. फरक असा की ते संगीत ऐकू येऊ नये म्हणून बनवलेलं असतं, पार्श्वभूमीला राहावं म्हणून. हा अल्बम मागे राहत नाही. आवाज आला की तुमचं लक्ष जातंच. शिवाय चाली पक्क्या आहेत, हार्मोनियमवर बसवून पाहा, डीएक्स७ काढून घेतला तरी टिकतात.

तेव्हा किती खपला?

२०० पैकी काही डझन कॅसेट विकल्या गेल्या असतील. जाहिरात नव्हती, वितरक नव्हता. १९८६ म्हणजे आपल्याकडेही कॅसेटच्या भरभराटीचा काळ. छोट्या निर्मात्यालाही ध्वनिमुद्रण काढणं परवडू लागलं होतं. भक्तिगीतं, लोकगीतं, कव्वाल्यांच्या कॅसेट आपल्या एसटी स्टँडांपर्यंत पोचल्या, कारण त्यांचा श्रोता ठरलेला होता. या अल्बमचा श्रोता तेव्हा बहुधा जन्मायचा होता.

उरलेल्या कॅसेट घरात राहिल्या.

मग तो जगापुढे आला कसा?

२०१५ मध्ये जपानमधल्या एका रेकॉर्ड संग्राहकाचा ईमेल आला. तुमच्याकडे ‘कीबोर्ड फँटसीज’च्या प्रती शिल्लक आहेत का, असतील तर मला विकायला पाठवाल का, असं विचारलं होतं. ग्लेन-कोपलंड यांनी पाठवल्या. त्या बघता बघता संपल्या, पुन्हा मागणी आली, आणि काही महिन्यांत वेगवेगळ्या देशांतल्या रेकॉर्ड कंपन्या पुन्हा प्रकाशनाची परवानगी मागू लागल्या. टोरांटोच्या ‘इनव्हिजिबल सिटी एडिशन्स’नं तो नव्यानं काढला.

त्यावेळी त्यांनी सत्तरी ओलांडली होती. त्यांची नातवंडं शोभतील अशा वयाचे वादक त्यांच्यासोबत ‘इंडिगो रायझिंग’ नावाच्या वाद्यवृंदात वाजवू लागले आणि युरोपात कार्यक्रम झाले. २०१९ मध्ये पोझी डिक्सन यांचा त्यांच्यावरचा माहितीपट आला. २०२० मध्ये कॅनडाच्या पोलारिस पुरस्काराचा ‘हेरिटेज’ सन्मान या अल्बमला मिळाला. जुन्या कॅनेडियन अल्बमची थोरवी मान्य करणारा हा सन्मान आहे.

एवढी वर्षं उशीर झाला याचं त्यांना वाईट वाटत नाही?

मुलाखतींत तरी कडवटपणा दिसत नाही. ही गाणी तरुण पिढीला धीर देण्यासाठी आहेत, आणि ती पिढी आता आली, असं ते सांगतात. मला मात्र वाईट वाटतं. कृष्णवर्णीय, कुठल्याच ठरलेल्या चौकटीत न बसणारा, शहरापासून लांब राहणारा गीतकार १९८६ मध्ये ऐकलाच गेला नाही, याला फक्त नशीब म्हणून सोडून देणं बरोबर नाही. ऐकवणाऱ्या यंत्रणेनं ते दार बंद ठेवलं होतं. इंटरनेटनं ते उघडलं, तेही एका संग्राहकाच्या कानामुळे.

आपल्याकडे असं काही घडलं आहे का?

हो, आणि मुंबईतच. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांत वाजवणारे वादक. १९८२ मध्ये त्यांनी रोलँडची टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ ही यंत्रं घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. यमन, मालकंस, ललित वगैरे. एचएमव्हीनं रेकॉर्ड काढली, ती कुणी फारशी विचारली नाही. २००२ मध्ये एका डच संग्राहकाच्या हाती ती लागली, २०१० मध्ये पुन्हा निघाली, आणि जगाला कळलं की अ‍ॅसिड हाउस म्हणून पुढं गाजलेल्या नृत्यसंगीताच्या कितीतरी जवळचं काहीतरी मुंबईत आधीच वाजून गेलं होतं. चरणजित सिंग यांनी शेवटच्या काही वर्षांत परदेशात कार्यक्रम केले. २०१५ मध्ये ते गेले.

दोन्ही अल्बमचा स्वभाव अगदी वेगळा आहे. पण मध्यमवयीन, तालीम झालेला संगीतकार नव्या यंत्रासमोर बसतो आणि स्वतःच्या परंपरेचं काहीतरी त्यात ओततो, ही गोष्ट एकच आहे. आपल्या घरांतल्या, जुन्या दुकानांतल्या कॅसेटच्या खोक्यांत अशा आणखी किती असतील, हा प्रश्न मला खरंच छळतो.

प्रसिद्धीनंतर पैसे तरी मिळाले का?

मानाच्या मानानं फार नाही. २०२० मध्ये मोठा दौरा ठरला होता, तो महामारीमुळे रद्द झाला. त्यावरच नव्या घराचा हिशेब होता, तो कोलमडला आणि त्यांना व त्यांच्या पत्नी एलिझाबेथ यांना राहायला हक्काची जागा उरली नाही. कुटुंबानं इंटरनेटवर लोकवर्गणीचं आवाहन केलं आणि जगभरच्या श्रोत्यांनी हात दिला. पुढे दोघं कॅनडाच्या पूर्वेकडच्या किनारी भागात राहायला गेले.

इंग्रजी फारसं कळत नाही. तरी ऐकावा का?

जरूर. शब्द थोडे आणि सोपे आहेत.

रीमिक्सचा अल्बमही आहे म्हणे. तो आधी ऐकला तर?

२०२१ मध्ये ‘कीबोर्ड फँटसीज रीइमॅजिन्ड’ आला. बॉन इव्हेर, ब्लड ऑरेंज, आर्का, केल्सी लू यांच्यासारख्या कलावंतांनी यातली गाणी आपापल्या पद्धतीनं पुन्हा मांडली. त्यांच्याविषयी आदर आहे, पण मूळ आधी ऐका. मूळ अल्बममध्ये जी मोकळी जागा आहे ती नव्या मांडणीत बऱ्याचदा भरून टाकली जाते.

मी स्वतः गाणी लिहितो/लिहिते. यातून काही उपयोगी पडेल का?

तीन गोष्टी मला उपयोगी वाटतात.

हाताशी जे यंत्र किंवा वाद्य आहे ते पूर्ण शिका. ग्लेन-कोपलंड यांच्याकडे दोनच यंत्रं होती आणि त्यांनी ती आतून ओळखली. आज फोनवरच्या मोफत ॲपमध्ये डीएक्स७ सारखे आवाज मिळतात, त्यामुळे साधन नाही म्हणून थांबायला नको.

दुसरं, तुमचं पोटापाण्याचं काम गाण्यात येऊ द्या. शाळेत शिकवत असाल, बँकेत असाल, लहान मुलांचे कार्यक्रम करत असाल, तिथली भाषा ही तुमच्या गाण्याची भाषा होऊ शकते.

तिसरं अगदी व्यवहाराचं: जपून ठेवा. मूळ ध्वनिमुद्रणं, तारखा, कुणी काय वाजवलं, शब्द कुणाचे, चाल कुणाची, हे सगळं लिहून. तीस वर्षांनी जपानमधून विचारणा आली तेव्हा द्यायला कॅसेट घरात होत्या, आणि हक्क स्वतःकडे होते. म्हणून पुढचं सगळं शक्य झालं. संगणकावरच्या फाइली एकाच जागी ठेवू नका.

मधल्या काळात त्यांनी संगीत सोडलं होतं का?

नाही. मुलांचे कार्यक्रम चालूच होते, आणि २००४ मध्ये ‘फिनिक्स’ हे टोपणनाव घेऊन त्यांनी एक अल्बमही काढला. २०२० मध्ये ‘ट्रान्समिशन्स’ हा जुन्या-नव्या गाण्यांचा निवडक संग्रह आला. २०२३ मध्ये ‘द वन्स अहेड’ हा नव्या गाण्यांचा अल्बम, तब्बल दोन दशकांनी.

सध्या त्यांची तब्येत कशी आहे?

२०२४ मध्ये त्यांनी आणि एलिझाबेथ यांनी जाहीर केलं की त्यांना स्मृतिभ्रंशाचं निदान झालं आहे. हे त्यांनी लपवलं नाही, आणि गाणं चालू ठेवण्याची इच्छाही सांगितली. याहून अधिक विचारणं मला योग्य वाटत नाही.

कुठून सुरुवात करू, आणि कसा ऐकू?

पहिल्यापासून शेवटपर्यंत, दिलेल्या क्रमानं. पाऊण तासाच्या आत संपतो. सुटी गाणी ऐकायचीच असतील तर आधी ‘एव्हर न्यू’, मग ‘सनसेट व्हिलेज’. फोनच्या स्पीकरवर खालचे स्वर हरवतात आणि ‘लेट अस डान्स’चा ठेका पत्र्यावर वाजल्यासारखा येतो, तेव्हा साधे का होईना हेडफोन लावा किंवा घरातल्या बऱ्यापैकी स्पीकरवर ऐका. अल्बम आवडला तर पुढे १९७१ ची रेकॉर्ड ऐका. तोच गळा, पंधरा वर्षं तरुण, आणि सोबत लेनी ब्रो यांची गिटार.